चौकशी नसल्याचा दाखला

रकाना १४

पदोन्नतीचा अर्ज बावीस पानांचा होता. त्यातली एकवीस पानं नाहीसरांनी एका दुपारी भरून टाकली. बाविसाव्या पानावर रकाना चौदा होता आणि त्यात एकच छापील वाक्य होतं : ‘अर्जदाराविरुद्ध कोणतीही चौकशी नाही.’ खाली सहीसाठी रेघ. या रेघेवर सही करायला कुठलाही शहाणा माणूस चार सेकंद घेतो, त्यातली दोन पेनाचं टोपण काढण्यात जातात.

नाहीसरांनी चार दिवस घेतले.

नाहीसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. खरं नाव अर्जाच्या पहिल्या रकान्यात आहे. ते तिथेच राहिलं, कुणी वाचलं नाही. सर कॉलेजात तत्त्वमीमांसा शिकवत. म्हणजे जे आहे ते मुळात काय आहे, हे विचारण्याचं शास्त्र. या शास्त्रातला ‘आहे’चा भाग आधीच्या लोकांनी वाटून घेतला होता, म्हणून सरांनी दुसरा कोपरा धरला : जे नाही, ते नक्की कसं नाही. या कोपऱ्यात गर्दी नव्हती. पुढेही झाली नाही.

“अहो, झाली का सही?” बायकोनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

“विचार चालू आहे.”

“सहीला कसला विचार?”

“सहीला नाही, ‘नाही’ला. छापणाऱ्यानं नुसतं ‘नाही’ म्हणून सोडून दिलंय बघ. कसं नाही, ते सांगितलंच नाही.”

एकतीस वर्षं संसार केलेली बाई अशा वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पण ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि इस्त्री तापलेली होती. ती अडकली.

“चहा अजून झालेला नाही, हे एक नसणं,” सर म्हणाले. “चहा होता, पिऊन संपला, हे दुसरं. या घरात चहा मागितल्याबरोबर मिळणं, हे तिसरं. कधीच नसणं. आणि चहा म्हणजे कॉफी नव्हे, हे चौथं.”

“चौथं पटलं. तिसरं पुन्हा एकदा म्हणा.”

“उदाहरण आहे ते.”

“कळलं कुणाचं उदाहरण आहे. सही करा आणि मोकळे व्हा.”

“अगं, पण चौकशी कधीच होणार नाही, हे मी कशाच्या जोरावर लिहू? उद्याचं मला काय ठाऊक? मी अजून काही केलेलं नाही, एवढंच मी सांगू शकतो.”

“तुम्ही काय करणार आहात?” बायकोनं इस्त्री उभी ठेवली आणि नवऱ्याकडे जरा आशेनंच पाहिलं. “तुम्हाला काही करता येतं का?”

चौथ्या दिवशी सरांनी पट्टी घेऊन छापील ‘नाही’वर दोन सरळ रेघा मारल्या आणि समासात बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘आज चौकशीचा अभाव आहे. तो अभाव “अजून नसणे” या प्रकारचा की “कधीच नसणे” या प्रकारचा, हे अर्जदारास ठामपणे सांगता येत नाही.’

खाली सही केली आणि त्यांना फार बरं वाटलं. खरं बोलल्यावर माणसाला बरं वाटतं. ते टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.


रकाना ३ : शैक्षणिक वाटचाल
(हा रकाना आधी यायला हवा होता. सरांच्या वाटचालीला आधी यायची सवय नाही.)

प्रबंध : सहाशे बारा पानं, अकरा वर्षं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसऱ्यांनी विषय बदलला, तिसऱ्यांनी सरांकडूनच विषय समजून घेतला आणि सही केली. परीक्षकांच्या अहवालात एक ओळ होती : ‘प्रबंधात आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ ती ओळ वाचून सर आठवडाभर तरंगत होते. अहवालातसुद्धा त्यांचाच विषय आला होता.

पुस्तक : एक. प्रती तीनशे. त्यांपैकी दोनशे एकसष्ट पलंगाखाली. झाडू अडतो, त्या अर्थी त्या आहेत, असं घरातलं मत आहे.

पद : सहयोगी प्राध्यापक, गेली एकोणीस वर्षं. मागून आलेले सगळे प्राध्यापक होऊन पुढे गेले. सध्याच्या विभागप्रमुखबाई या सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांना सरांनी एकदा नापास केलं होतं, पेपरवर ‘उत्तराचा अभाव’ असा शेरा मारून.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. दारावरच्या पाटीवरून ‘सहयोगी’ एवढा शब्द जावा, इतकीच सरांची इच्छा होती. उभ्या कारकिर्दीत त्यांनी स्वतःसाठी मागितलेला हा एकच अभाव.


रकाना १४ (पुढे चालू)

कॉलेजच्या आस्थापना विभागात, म्हणजे नोकरदारांच्या फायली जिथे राहतात त्या खोलीत, एक बाई सव्वीस वर्षं बसत होत्या. सगळे त्यांना आस्थापनाबाई म्हणत. आलेल्या प्रत्येक पानावर हातानं क्रमांक घालायचा, हे त्यांचं काम. आणि न वाचलेल्या पानावर त्या क्रमांक घालत नसत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यांचा त्यांनीच करून घेतला होता. त्यामुळे बाकीचे कारकून त्यांच्याकडे थोडं दयेनं पाहत.

त्यांनी बाविसावं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“सर, चौकशी होणार आहे का तुमची?”

“होईलच असं नाही.”

“पण होऊ शकते?”

“तत्त्वतः काहीही होऊ शकतं.”

“काही झालंय का?”

“तसं काहीच झालेलं नाही. मी फक्त छापील वाक्य जरा नेमकं केलंय.”

आस्थापनाबाईंनी आवाज खाली आणला. “सर, सव्वीस वर्षांत या रकान्यावर मी कुणाला एक टिंब वाढवताना पाहिलं नाही. ज्यांच्यावर खरोखर चौकशा चालू होत्या, त्यांनीसुद्धा डोळे झाकून सह्या केल्यात. तुमच्या मनात काही असेल तर आत्ताच सांगा.”

“मनात तर पुष्कळ आहे,” सर प्रामाणिकपणे म्हणाले.

झालं. बाईंनी नियमाप्रमाणे टिपणी लिहिली : ‘अर्जदाराने चौकशीची शक्यता स्वतःच नाकारलेली नाही. मार्गदर्शन व्हावे.’

टिपणी वर गेली. अधीक्षकांनी तिच्यावर लिहिलं, ‘पाहावे.’ उपप्राचार्यांनी लिहिलं, ‘तपासून पाहावे.’ प्राचार्यांना त्या दिवशी एका उद्घाटनाला जायचं होतं. खाली दोन शेरे आहेत त्याअर्थी काहीतरी असणार, असं धरून त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘चौकशी करावी.’

अशा रीतीनं, सरांविरुद्ध चौकशी आहे की नाही, हे शोधण्यासाठी सरांविरुद्ध चौकशी सुरू झाली.

सरांना पत्र मिळालं तेव्हा त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. जे अजून नव्हतं ते आलं होतं. सिद्धान्ताला इतका स्वच्छ पुरावा कुणाला मिळतो? मग ते खाली बसले. मुलाखत बावीस दिवसांवर होती.


दादांचा सल्ला
(अर्जात यासाठी रकाना नाही. दादांना रकान्याची गरज पडत नाही.)

दादा म्हणजे बायकोचे मोठे भाऊ. खालच्याच मजल्यावर राहत. एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पत्राचा लिफाफा उघडल्याचा आवाज त्यांना एक मजला खाली ऐकू जाई.

“माफीचं पत्र दे,” दादा म्हणाले. “‘अनवधानाने खाडाखोड झाली’ असं लिही. ‘अनवधानाने’ या शब्दानं मी चाळीस माणसं वाचवलीत.”

“अनवधानाने?” सर दुखावले. “चार दिवस अवधान दिलंय मी त्या एका शब्दाला!”

“मग तब्येतीचं कारण दे. चक्कर आली म्हण.”

“पट्टी धरून मारलेल्या रेघा आहेत, दादा. चक्कर आलेला माणूस इतक्या सरळ रेघा मारत नाही.”

दादांनी बहिणीकडे पाहिलं. “तू यांना पसंत केलंस तेव्हा मी काय म्हणालो होतो?”

“तू म्हणालास, माणूस साधा दिसतोय.”

“दिसतोय, असं म्हणालो होतो,” दादा म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

चौकशीच्या पत्रात एकच मागणी होती : ‘आपणाविरुद्ध काय आरोप आहेत ते आपण सात दिवसांत कळवावे.’ दुसरा कुणी असता तर हसला असता किंवा रडला असता. सरांनी अकरा पानांचं उत्तर लिहिलं. आरोप असता तर दिसला असता; दिसत नाही; म्हणून नाही, हे त्यांनी सतरा तळटीपांसह मांडलं. पुरवणी म्हणून पलंगाखालून एक पुस्तक काढून जोडलं. त्या दिवशी घरातला झाडू जरा पुढे सरकला.

चौकशी अधिकारी म्हणून वाणिज्य शाखेचे एक निवृत्त गृहस्थ नेमले होते. त्यांनी अकरा पानांतलं पहिलं वाचलं. ‘असता तर दिसला असता’ या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘म्हणजे दडवलेला असू शकतो.’ मग सूचनाफलकावर कागद लागला : या प्राध्यापकांविरुद्ध कुणाची काही तक्रार असल्यास सात दिवसांत द्यावी.


रकाना ११ : विद्यार्थ्यांचा प्रतिसाद




(कोरा.)


सूचनाफलकावर कागद लागला आणि कॉलेजात अचानक सरांची ओळख वाढली. ज्यांनी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पाहिलंसुद्धा नव्हतं, ते थांबून, मान तिरकी करून पाहायला लागले. स्टाफरूममध्ये सर शिरले की बोलणं थांबे, आणि सर बाहेर पडले की दुप्पट वेगानं सुरू होई. रसायनशास्त्राच्या एका बाईंनी तर स्वतःहून चौकशी केली, “सर, खरं सांगा, मुलीबिलीचं काही आहे का?” त्यांच्या आवाजात इतकी उत्सुकता होती की नाही म्हणताना सरांनाच ओशाळल्यासारखं झालं.

सात दिवसांत तीन तक्रारी आल्या. ग्रंथपालांची पहिली : सर पुस्तकांच्या समासात शिसपेन्सिलीनं ‘कसे?’ असं लिहितात, तेही प्रत्येक पानावर. दुसरी पलीकडच्या वर्गातल्या गणिताच्या सरांची : भिंतीतून दर दोन मिनिटांनी ‘नाही’ असा आवाज येतो, त्यामुळे मुलांचा उत्तरांवरचा विश्वास उडतो.

तिसरी शिपायाची. वीस वर्षं सरांच्या मजल्याच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. त्यानं साध्या भाषेत लिहिलं होतं : ‘वर्गात कोणी नसले तरी सर पूर्ण तास घेतात. रिकाम्या बाकांना शिकवतात. मला कुलूप लावायला उशीर होतो.’

पहिल्या दोन तक्रारींवर सरांनी उत्तरं तयार केली. तिसरी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. घरी बायकोनं शर्ट धुवायला घेताना ती काढून वाचली.

“खरंय का हे?”

“तासिका वेळापत्रकात असते,” सर म्हणाले. “विद्यार्थी नाहीत हे तासाचं नसणं नव्हे.”

बायको यावर नेहमीसारखं काही बोलली नाही. तिनं कागद पुन्हा घडी घालून टेबलावर ठेवला. सरांना टोमण्याची सवय होती, गप्प राहण्याची नव्हती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.


सुनावणी

सुनावणी आणि मुलाखत एकाच दिवशी आली. सकाळी अकराला सुनावणी, दुपारी साडेतीनला वरच्या मजल्यावर मुलाखत.

सुनावणीच्या खोलीबाहेर विभागप्रमुखबाई उभ्या होत्या.

“सर, एक वचन द्या. आत ते विचारतील, तुमच्याविरुद्ध काही आहे का? तुम्ही ‘नाही’ म्हणा. पुढे काही नको.”

“पण कुठल्या अर्थानं...”

“सर! तुम्ही मला नापास केलंत तेव्हा मी तक्रार केली नव्हती. घरी जाऊन रडले होते, पण अर्ज केला नव्हता. त्याची आज परतफेड करा. एक शब्द. पूर्णविराम.”

त्याही सरांबरोबर आत गेल्या आणि शेजारच्याच खुर्चीवर बसल्या. चौकशी अधिकाऱ्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तक्रारी किरकोळ असल्याचं ते बघताक्षणीच म्हणाले. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, “तुमच्याविरुद्ध काही आहे का? हो की नाही?”

सरांनी तोंड उघडलं. टेबलाखाली विभागप्रमुखबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि सगळं वजन दिलं.

“नाही,” सर म्हणाले.

नुसतं, उघडं, बिनतळटिपेचं ‘नाही’. सहाशे बारा पानांनी ज्याला जगू दिलं नव्हतं ते. अधिकाऱ्यांनी लिहिलं, ‘काही आढळले नाही. सबब चौकशी बंद,’ आणि घड्याळ खिशात टाकलं. बाहेर आल्यावर विभागप्रमुखबाई हसून म्हणाल्या, “पास झालात, सर.” सर लंगडत आस्थापना विभागाकडे निघाले. मुलाखतीत दाखवायला स्वच्छ दाखला हवा होता : चौकशी नाही.


तीन वाजून पाच मिनिटं

“नुसतं ‘नाही’ मला लिहिता येणार नाही, सर,” आस्थापनाबाई म्हणाल्या.

“अहो, बंद झाली चौकशी!”

“तेच म्हणतेय. झाली आणि संपली. रकान्यातलं ‘नाही’ हे कधीच नसण्याचं आहे. तुमचं होऊन संपल्याचं आहे. ही दोन नसणी एक धरली की केवढा घोळ होतो, ते तुम्हीच दाखवलंय. पान दोनशे चौदा.”

सर टेबलाला धरून उभे राहिले.

“तुम्ही... वाचलंत?”

“क्रमांक घालायचे होते ना. चारशे आठ पानांचं पुस्तक जोडलंत तुम्ही.” बाई लिहिता लिहिता बोलत होत्या. “पहिली साठ जड गेली. मग लक्षात आलं, हे तर आमचंच काम चाललंय. रिक्त पद म्हणजे तुमचं अजून नसणं. रद्द झालेलं पद म्हणजे होऊन संपलेलं. हा घ्या दाखला : ‘चौकशी होती, संपल्यामुळे आता नाही.’ वर चालेल. त्यांना शिक्का लागतो, वाक्य लागत नाही.”

त्यांनी शिक्का मारला. दाखला पुढे केला, पण बोटं सोडली नाहीत.

“एक विचारू, सर? तुम्ही म्हणता, नसण्याचे प्रकार चारच.”

“चारच.”

“मग फायलीचं काय? खाली विचारलं तर ‘वर गेलीय’. वर विचारलं तर ‘खाली पाठवली’. अजून आलेली नाही म्हणावं, तर येऊन गेलीय. संपली म्हणावं, तर कुणी फाडलेली नाही. कधीच नव्हती म्हणावं, तर तिला नंबर आहे. आणि ती दुसरी फाईल आहे असंही नाही. ती आहे, आणि एकाही टेबलावर नाही. माझ्या सव्वीस वर्षांत अशा मी शेकड्यानं पाहिल्या. हे कुठल्या प्रकारात घालायचं?”

 सरांनी खुर्ची ओढली.

“ती कुठेतरी असणारच,” ते म्हणाले. “आपल्याला दिसत नाही, एवढंच.”

“असती तर दिसली असती, हे तुमचंच आहे.”

“हो, पण... थांबा. कपाटं सगळी पाहिली?”

“सर, मी चेष्टा करत नाहीये.”

“मी कुठे करतोय?”

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी तोच किल्ल्यांचा शिपाई आला. “सर, वर बोलावलंय. तुमच्या आधीचे बाहेर आले.”

“दोन मिनिटं.” सर पाठकोऱ्या कागदावर चौकट काढत होते. बाईंनी चौकटीच्या बाहेर एक टिंब काढलं आणि म्हणाल्या, “फाईल इथे आहे.” सर त्या टिंबाकडे बघत राहिले.

शिपाई पुन्हा आला. “सर, ते विचारतायत.”

सरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर जिना होता. वर तीन तज्ज्ञ बसले होते. ते आधी तुमच्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग, असं विचारणार होते आणि मग पाणी पिणार होते. वर ‘सहयोगी’ नसलेली दारावरची पाटी होती. हातात दाखला होता, शिक्क्यासकट. आणि समोर एका बाईनं उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदा असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर सरांना येत नव्हतं.

“सांग, सर नाहीत,” सर म्हणाले.

“कुठे आहेत म्हणून सांगू?”

“ते विचारणार नाहीत.”

शिपाई वर जाऊन आला. त्यांनी खरोखरच विचारलं नव्हतं. तो जरा वेळ दारात घुटमळला. मग आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि ऐकू लागला. कुलूप लावायचं तो विसरला.

पाच वाजता बाईंनी सरांची फाईल बंद करायला घेतली. नियमाप्रमाणे कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं : ‘अर्जदार मुलाखतीस गेले नाहीत. त्या वेळी ते या विभागात शिकवत होते. उपस्थिती : दोन.’

“वाचून सही करा, सर.”

सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं. पेन समासाकडे गेलं. बाई आणि शिपाई दोघंही श्वास रोखून पाहत होते. मग पेन खाली आलं आणि सरांनी रेघेवर सही केली.


शेरा

ती टिपणी वर गेली आणि पंधरवड्यानं खाली आली, ही त्या कचेरीतली एक दुर्मीळ घटना. तिच्यावर शेरा होता : ‘आस्थापना विभागात कार्यालयीन वेळेत अध्यापन कोणाच्या परवानगीने झाले? चौकशी करावी.’ या वेळी नावं दोन होती.

“झालं समाधान?” दादा म्हणाले. “प्राध्यापक तर झाला नाहीस, आता त्या बिचारीलाही गोवलंस. निदान या वेळी तरी ‘अनवधानाने’ लिही. हात जोडतो.”

दादा गेल्यावर बायको सरांसमोर येऊन बसली.

“घाबरल्या असतील हो त्या.”

“घाबरल्या. पण म्हणाल्या, उत्तरातला फायलींचा भाग मी लिहिणार. ‘सर, त्यातलं तुम्हाला काही कळत नाही,’ असं म्हणाल्या.” हे सांगताना सरांचा चेहरा पदक मिळाल्यासारखा झाला होता.

“मग अडलंय कुठे?”

“त्या म्हणतात, पाचवा प्रकार मान्य करा. मी म्हणतो, एवढ्या पुराव्यावर नाही करता येणार. तो मान्य केला तर सगळा प्रबंध पहिल्यापासून...”

“करा मान्य.”

“अगं, असं कसं?”

“करा,” बायको म्हणाली. “एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमचं वाचून खोडलंय. आणखी काय हवंय तुम्हाला?”

 सरांनी ‘प्रकार चारच’ लिहिलेला कागद पुढे ओढला आणि पट्टी शोधू लागले.